वारीसाठी कॅमेऱ्याची खांद्यावरची बॅग कोणती घ्यावी?

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी, यंदा माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड आणि पुढे जेजुरीपर्यंत चालायचं नक्की केलंय. निकॉन डी७५० कॅमेरा, २४-१२० आणि ७०-२०० एफ४ या दोन झूम लेन्स, एक फ्लॅश आणि पाण्याची बाटली एवढं सोबत असेल. पाठीवरची सॅक आहे पण लेन्स बदलायची तर दरवेळी बाजूला होऊन ती उतरवा, आणि दिंडीत मध्येच थांबलं की मागच्यांचा खोळंबा होतो. म्हणून खांद्यावरची बॅग घेतली, चांगली जाड गादीवाली, तर एका लग्नाच्या कामात दिवसभर वापरली आणि रात्री उजवा हात वर करवेना, पट्ट्याच्या जागी लाल वळ. बॅग बदलू की माझं काही चुकतंय? बजेट पाच हजार.

घाटवाट
आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. डी७५० बॅटरी-कार्डासकट ८४० ग्रॅम, २४-१२० ७१० आणि ७०-२०० एफ४ ८५०, इथेच २ किलो ४०० ग्रॅम झाले. फ्लॅश आणि लिटरभर पाणी धरलं की चार किलोच्या आसपास जातं. आता रिकामी बॅग तोला. माझी तसलीच जाड गादीची बॅग रिकामीच दीड किलोची निघाली, ती मी काढून टाकली. गादी जाड असली की बॅग फुगते, अंगापासून लांब लोंबते आणि प्रत्येक पावलाला मांडीवर आपटते. साधी मऊ कॅनव्हासची बॅग पोटाशी चिकटून बसते. डोमकेच्या बॅगा याच कारणाने बातमीदारीतल्या फोटोग्राफरांना आवडतात, त्या बजेटबाहेर जातील पण तत्त्व तेच. मी कॅनव्हासची साधी झोळा-बॅग घेऊन आत कप्प्यांचा सुटा इन्सर्ट टाकलाय, चार वर्षं चाललीय.

सावली२१
मृण्मयी, पट्टा एकाच खांद्यावर टाकतेस का? तसं असेल तर तो घसरू नये म्हणून आपण नकळत खांदा वर उचलून धरतो, दिवसभर, आणि मानेच्या कडेचा स्नायू धरतो. मला हे फिजिओथेरपिस्टने आरशासमोर उभं करून दाखवलं तेव्हा कळलं. पट्टा तिरका, गळ्यातून घाल, आणि आखूड कर, बॅग कमरेच्या हाडाच्या जरा वर यायला हवी. बायकांना तिरका पट्टा छातीवर काचतो हे खरंय, त्यासाठी बॅगेला कमरेचा पट्टा असेल तर बघ, तो आवळला की बराच भार कमरेवर जातो आणि खांद्यावरचा पट्टा सैल ठेवता येतो. दर तासाला बाजू बदल, दुखायच्या आधी.

घाटवाट
सावलीताईंना अनुमोदन. पाणी बॅगेत नकोच, वाटेत ठिकठिकाणी मिळतं, अर्ध्या लिटरची बाटली पुरते.

पायवाट_पुणे
तीन वर्षं वारीत फोटो काढतोय म्हणून लिहितो. दिवे घाटात उन्हाची तलखी आणि पाठोपाठ पावसाची सर, दोन्ही एकाच दुपारी, त्यामुळे रेनकव्हर बॅगेलाच जोडलेलं हवं, घरी राहिलेलं काय कामाचं? झाकण अंगाच्या बाजूने उघडणारं बघा, गर्दीत मागून कुणाचा हात जात नाही. वेल्क्रो टाळा, पहाटेच्या काकड्याला तो खर्रर्र आवाज फार खुपतो, लोक वळून बघतात. आणि जेजुरीत भंडारा उधळतात तेव्हा लेन्स बदलूच नका. २४-१२० झूम करताना पुढे सरकते आणि हवेबरोबर बारीक पूड आत ओढते, ७०-२०० एफ४ आतल्या आत झूम होते, तीच लावून वर चढा. दुसरी लेन्स बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. भंडारा चेनच्या दातांत बसला की चेन अडते, घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने कोरडंच झाडायचं.
घ्यायच्या आधी एक करा, लिटरच्या तीन बाटल्या भरून दुकानात न्या, बॅगेत टाका आणि पंधरा मिनिटं रस्त्यावर चालू द्या म्हणा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

मृण्मयी_के
मनापासून आभार सगळ्यांचे. माझी बॅग रिकामी १ किलो ६२० भरली! फ्लॅश घरीच ठेवतेय, उजेडात तसाही लागणार नाही. काल जुन्याच बॅगेचा पट्टा आखूड करून तिरका घातला आणि तीन बाटल्या घेऊन पर्वती चढून आले, खांदा ठीक आहे पण बॅग मांडीवर आपटतेच. रविवारी कॅनव्हासची बघायला जाते. घाटवाट, इन्सर्टचं आतलं माप किती घेतलंत? ७०-२०० उभी बसते की आडवी?

घाटवाट
उभी, हूड (लेन्सच्या तोंडावरचं उन्हाचं आडोसं) उलटा लावून. उद्या माप घेऊन फोटोसकट टाकतो.