बीगल की ग्रेहाउंड? घरच्या ग्रुपवरची चर्चा

वहिनी: कुत्रा आणायचं एकदाचं ठरलं, पण जात ठरेना. मला बीगल हवाय, यांना ग्रेहाउंड. घर फ्लॅटमधलं, आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळी येतो. आई दुपारी झोपतात, लेक आठ वर्षांचा. शिवाय मनी आहेच. ताई, तुम्ही दोन्ही जाती जवळून पाहिल्यात, सांगा ना.

काका: यात विचारायचं काय? फ्लॅटमध्ये लहान कुत्राच बरा. ग्रेहाउंड शर्यतीतला, त्याला मैदान लागतं.

मावशी: बीगलचे डोळे बघितले तरी जीव लागतो गं.

ताई: काका, उंचीवर जाऊ नका. बीगल खांद्यापर्यंत जेमतेम ४० सेंटीमीटर, वजन दहा किलोच्या आसपास, हे खरं. पण ही जात घडवली ती सशाचा वास काढत टोळीनं तासन्‌तास धावण्यासाठी, आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्याला लांबून ऐकू जाईल असा आवाज देण्यासाठी. त्यामुळे त्याला दम फार आणि गळाही मोठा. एकटा राहिला की हेल काढून रडतो. आईची दुपारची झोप गेलीच म्हणून समज.

ग्रेहाउंड उलटा. नर ७० सेंटीमीटरच्या वर जातो, वजन ३० किलोच्या घरात. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे पळतो, पण ते थोडाच वेळ. एकदा मोकळं धावून आला की उरलेला दिवस पडून असतो. भुंकतोही क्वचित. रोज नीट फिरवलं तर फ्लॅटमध्ये तो बीगलपेक्षा शांत राहतो.

दादा: मी हेच सांगत होतो!

ताई: थांब, पुढचं वाच. तो नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे. लहानसं काही पळालं की मागे सुटतो, मग हाक ऐकू येत नाही. म्हणून बाहेर पट्टा कधीच सोडायचा नाही. त्याचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, साधा पट्टा सहज निसटतो, ओढल्यावर बेताचा आवळणारा रुंद पट्टा घ्यावा लागतो. अंगावर चरबी नाही, केस विरळ, तेव्हा मऊ अंथरूण आणि थंडीत अंगावर घालायला काहीतरी हवंच. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगायची, काही औषधांचा अंमल या जातीवर जास्त वेळ टिकतो.

वहिनी: मग मनीचं काय? बीगलला मांजर चालतं का?

ताई: लहानपणापासून एकत्र वाढले तर बहुधा जमतं. पण बीगलच्या भुकेला अंत नाही. कचऱ्याची बादली, दप्तरातला डबा, सगळं हुंगून काढतो. मनुका, चॉकलेट, कांदा कुत्र्याला विषारी, ते उंचावर बंद ठेवायला लागेल. वजन भराभर वाढतं. कान लोंबते, आत ओल राहून संसर्ग होतो, आठवड्याला बघावे लागतात.

मावशी: आणि दुपारी खाली कोण नेणार? ३० किलोच्या कुत्र्यानं हिसका दिला तर तुमच्या आईच्या हातून पट्टा सुटायचा, पडायची ती.

दादा: दुपारचं फिरवणं आईवर टाकायचं नाही, मावशी. त्यासाठी माणूस लावू.

आई: मला कोणी विचारलंच नाही. आवाजाचं मी बघेन. मनीला काही झालेलं मला चालणार नाही.

वहिनी: आई, मनी आधी. ताई, मांजरांसोबत राहिलेला मोठा ग्रेहाउंड मिळतो का हो?

ताई: मिळतो. शर्यतीतून निवृत्त झालेले दत्तक देतात, तेव्हा बऱ्याचदा मांजरासमोर नेऊन बघितलेलं असतं. तसा नाहीच मिळाला तर बीगलचं पिल्लू बघू, पण मग सुरुवातीचे काही महिने तुमच्यापैकी एकानं घरी राहायला हवं.

दादा: तू येशील बघायला?

ताई: येते. पहिल्या भेटीत पट्टा सोडायचा नाही. मांजराकडे बघून नजर वळवली, जमिनीचा वास घेऊ लागला, तर पुढे बोलू. टक लावून ताठ उभा राहिला आणि हाक मारूनही मान वळवली नाही, तर तिथूनच परत फिरायचं, कितीही गोड असला तरी.