मदत हवी आहे: एलपीच्या शेवटच्या गाण्यात 'स' फाटतोय

'जैत रे जैत'ची (1977, संगीत हृदयनाथ मंगेशकर) एलपी (ग्रामोफोनची मोठी तबकडी) कॉम्प्युटरवर उतरवायची आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), फोनो प्रीअँप (तो बारीक सिग्नल वाढवणारा), मग यूएसबी इंटरफेस. रेकॉर्डिंग 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, आवाजाचं पीक −6 डीबीच्या आत. टर्नटेबलची अर्थ वायर प्रीअँपच्या स्क्रूला जोडल्यावर घूंऽऽ बंद झाली, तो विषय संपला.

अडलंय पुढे. कडेची गाणी स्वच्छ, ढोल तर अंगावर येतो. लेबलजवळ मात्र प्रत्येक 'स' चिरका. आत घेर लहान, फेरे तेच मिनिटाला 33⅓, म्हणजे तेवढ्याच वेळात सुईखालून खाच कमी सरकते आणि बारीक वळणं दाटीने येतात. गोल टोकाच्या सुईला ती झेपत नसावीत. सुईचं तबकडीवरचं वजन 2 ग्रॅम, अँटी-स्केटिंगही (सुईची आत ओढ रोखणारी सोय) 2 वर.

लंबगोल टोकाची सुई लावून फरक पडेल का? की खाचच झिजलीय? हे नेमकं ओळखायचं कसं? सोलापुरात प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायची पट्टी) लावून कार्ट्रिज नीट बसवून देणारं कुणी आहे का? नवी पेठ, अशोक चौक, कुठेही चालेल. पुण्याला पाठवा म्हणू नका. इथल्या उन्हात तबकडी पार्सलमध्येच पापड होईल. 'डी-एसर (चिरका 'स' दाबणारं सॉफ्टवेअर) लाव' हा सल्लाही नको, त्याने गळ्यातली धारच जाते.