देवबाग-तारकर्लीला पर्यटक नेमके कशासाठी येतात?

खळ्यातला माणूस:

नमस्कार. मालवण तालुक्यातील देवबाग येथे आमचे वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे शेणाने सारवलेले खळे म्हणजे अंगण, मागे सात-आठ माड आणि माडांच्या पलीकडे कर्ली नदीची खाडी. पुढचा रस्ता ओलांडून पाच मिनिटे चालले की समुद्र. ज्यांनी देवबाग पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की हे गाव म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगवे दिसते.

वडील गेल्यापासून घर बहुतेक बंदच असते. मी दोन वर्षांनी मुंबईतील नोकरीतून निवृत्त होईन. थोरल्या भावाचे म्हणणे असे की घर पाडून सहा खोल्यांची दुमजली इमारत बांधावी, सर्व खोल्या वातानुकूलित कराव्यात आणि गाड्या लावण्यासाठी खळ्यावर पेव्हर ब्लॉक घालावेत. माझे मन होत नाही. परंतु मन न होणे हे काही कारण होऊ शकत नाही, कारण भाऊ हिशेब मांडून बोलतो आणि माझ्याकडे मांडायला हिशेब नाही.

गेल्या दिवाळीत चार दिवस तिथे होतो, तेव्हा शेजारच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांकडे मुद्दाम लक्ष ठेवले. दुपारी गाडी येते, जेवण होते, संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, छायाचित्रे काढली जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीतून त्सुनामी बेट, तिथले पाण्यातले खेळ, नंतर स्कूबा म्हणजे पाण्याखालची बुडी, वेळ उरला तर सिंधुदुर्ग किल्ला, आणि तिसऱ्या दिवशी गाडी गोव्याकडे निघते. हीच मंडळी गिऱ्हाईक असतील तर भाऊ बरोबर आहे. म्हणून जाणकारांना विचारतो: या किनाऱ्याकडे माणूस कशाने ओढला जातो, आणि जो दुसऱ्यांदा येतो तो कशासाठी येतो? ही दोन कारणे एकच असतात का?

पातवाला:

नमस्कार. तारकर्लीत आम्ही घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतो, त्याला आता बारा वर्षे झाली. माझ्या अनुभवात ती दोन कारणे एक नसतात, आणि आपला पेच तिथेच आहे.

पहिल्यांदा येणारा माणूस पाणी पाहून येतो. पावसाळ्यात नद्यांचा गढूळ लोंढा समुद्रात येत असतो. तो थांबून गाळ खाली बसला की साधारण नोव्हेंबरपासून इथले पाणी नितळ होते, वारा मंद असतो आणि लाटा अंगावर येत नाहीत. मुंबईजवळच्या किनाऱ्यांवर ज्याने फक्त करडे पाणी पाहिले आहे, त्याला कमरेएवढ्या पाण्यात स्वतःची पावले दिसली की तो हरखतो. स्कूबा इथे रुजले ते याच पाण्यामुळे, आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाने तारकर्लीत स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली तीही त्यामुळेच. पोहता न येणाऱ्या माणसालाही प्रशिक्षक हाताला धरून काही मीटर खाली नेतो, प्रवाळ आणि रंगीत मासे दाखवतो आणि वर आणतो. हे आकर्षण खरे आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. माझा धाकटा मुलगा त्यावरच पोट भरतो.

पण एकदा खाली जाऊन आलेला माणूस केवळ त्यासाठी पुन्हा इतका लांबचा प्रवास करत नाही. आमच्याकडे जी कुटुंबे पाच-पाच वेळा आली, ती काय विचारत येतात ते सांगतो: ‘रापण कधी लागेल?’

रापण आपण लहानपणी ओढली असेलच, तरी इतरांसाठी लिहितो. होडी जाळे घेऊन समुद्रात जाते, ते अर्धवर्तुळात सोडत परत येते आणि जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन टोळ्यांच्या हातात दिले जातात. मग ओढायचे. तास-दीड तास दोर फक्त ओलाच लागतो, काही येते आहे असे वाटतच नाही. दोन्ही टोळ्या ओढता ओढता एकमेकींकडे सरकत जातात, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत पाणी एकदम उकळल्यासारखे दिसू लागते. गेल्या वर्षी पुण्याचे एक गृहस्थ आमच्याबरोबर दोराला लागले. तळहात सोलले तरी सोडेनात. जाळे वर आले तेव्हा त्यात पेडवे, थोडे बांगडे आणि बराच कचरा होता. वाटणीत त्यांनाही वाटा मिळाला, कारण जो ओढतो त्याला वाटा असतो, ही रीतच आहे. ते आठ-दहा बांगडे त्यांनी टोपीत घालून घरी आणले आणि माझ्या पत्नीला म्हणाले, ‘वहिनी, आज हेच करा.’ तेव्हापासून ते दर वर्षी येतात.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. पर्ससीनच्या, म्हणजे घेर टाकणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, बोटी वाढल्यापासून रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही. त्यामुळे पाहुण्यांना रापण दाखवण्याचे वचन मी कधीही देत नाही. लागली तर लागली.

दादरची पाहुणी:

मी पर्यटकांच्या बाजूने लिहिते, कारण वरील प्रतिसाद वाचून आपण कदाचित असा निष्कर्ष काढाल की जुने घर आहे तसे ठेवले म्हणजे झाले. तसे होत नाही.

आम्ही 2011 पासून पाच वेळा त्या बाजूला गेलो आहोत. पहिल्या खेपेस एका कौलारू घरात उतरलो होतो. घर देखणे होते, परंतु न्हाणीघर मागच्या अंगणात, रात्री दिवा नाही, गाद्यांना दमट वास आणि मच्छरदाणीला तीन भोके. माझ्या सासूबाई त्यानंतर कौलारू घर म्हटले की हात जोडतात. शहरातल्या माणसाला जुने घर आवडते, पण स्वच्छ, खोलीला लागून असलेले आणि भरपूर पाणी येणारे न्हाणीघर मिळत असेल तरच. आपल्या भावाचा हिशेब त्या एका मुद्द्यावर अगदी योग्य आहे.

आता दुसऱ्यांदा येण्याविषयी. मालवणची ओढ आमच्या घरात मालवण पाहण्यापूर्वीच सुरू झाली होती. मुंबईत दादर-गिरगावच्या खानावळींत कोंबडी-वडे आणि सोलकढी खात वाढलेल्या माणसांना ती चव कुठून आली ते पाहायचे असते, आणि मेमध्ये गावी गेलेले शेजारी चाकरमानी येताना खाजा आणि आमसुले आणून ती ओढ वाढवत असतात. मला वाटते, जाहिरातींनी नेली नसतील इतकी माणसे या चाकरमान्यांनी मालवणला नेली असतील.

आणि तिथे गेल्यावर जे मिळाले ते खानावळीत मिळत नव्हते. आम्ही आता ज्यांच्याकडे उतरतो त्या काकी संध्याकाळी मला मालवण बंदरावरच्या लिलावाला घेऊन गेल्या. बांगड्याचा गलफडा अंगठ्याने उचलून आतला लाल रंग कसा पाहायचा, सुरमईच्या पोटावर बोट दाबून ते पुन्हा वर येते का हे कसे तपासायचे, हे त्यांनी लिलावाच्या गोंधळात उभ्या उभ्या शिकवले. घरी आल्यावर बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे ठेचून घातली आणि मला बजावले की बी आत राहता कामा नये, नाहीतर कडू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे आणि नारळाचा गोड रस. माझे यजमान शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी काकींनी काजूच्या ओल्या गरांची उसळ केली. एरवी अशा ठिकाणी शाकाहारी माणसाला वरण-भात आणि बटाट्याची भाजी यांवर दिवस काढावे लागतात, हे लक्षात असू द्यावे.

थोडक्यात, सहा खोल्या झाल्या की आचारी ठेवावा लागतो, आणि आचारी ठेवला की आम्ही काकींकडे जातो.

दर्यागड:

किल्ला ‘वेळ उरला तर’ या सदरात गेलेला पाहून वाईट वाटले. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. पायात शिसे ओतून उभारलेला तो तट आजही लाटा झेलतो आहे. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आणि चहूकडे खारे पाणी असताना गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, एवढे पाहायला अर्धा दिवस पुरत नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. आपल्या पाहुण्यांना सकाळच्या पहिल्या होडीने पाठवा आणि पायाभरणीपूर्वी जिथे गणेशपूजन झाले तो किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडाही दाखवा. दुपारी बाराला तटावर नेलेला माणूस फक्त सावली शोधतो.

ओहोटी:

वरील सर्व प्रतिसाद आकर्षणाविषयी आहेत. मी नियमांविषयी आणि वर्षातल्या रिकाम्या महिन्यांविषयी लिहितो, कारण भावाशी बोलताना आपल्याला तेच उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट बांधकामाची. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला भरतीचे पाणी येणारी खाडी आहे, तिथे किनारा नियमन क्षेत्राचे नियम दोन्हीकडून लागू होतात. घर पाडून दुमजली इमारत उभी करणे वाटते तितके सोपे नाही. याउलट, असलेल्या घराचे जोते, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता त्यात पाहुण्यांची सोय करण्यास स्थानिकांना त्याच नियमांत मुभा आहे. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजनाही राहत्या घरासाठीच आहे. त्यामुळे इमारतीचा आराखडा काढून घेण्यापूर्वी भावाने परवानगीची चौकशी करावी, म्हणजे वाद बराचसा आपोआप मिटेल.

दुसरी गोष्ट धूप. उधाणाचे पाणी देवबागमध्ये माडांच्या मुळांपर्यंत येते, हे आपण जाणताच. ज्या पुळणीसाठी माणूस येतो तीच दर पावसाळ्यात जागा बदलते. त्सुनामी बेट म्हणून जे दाखवले जाते तोही खाडीच्या मुखाजवळचा वाळूचा दांडाच आहे. तो 2004 च्या त्सुनामीनंतर वर आला असे सांगतात आणि नाव त्यावरूनच पडले. अशा जमिनीवर कर्ज काढून किती भार टाकायचा, हा हिशेब भावाच्या कागदावर आहे का?

तिसरी गोष्ट मोसमाची. मेअखेरीस आगोट, म्हणजे पावसाळ्याची चाहूल, लागली की पाण्यातले खेळ आणि किल्ल्याची होडी बंद होते, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, आणि हे सर्व सप्टेंबरपर्यंत हळूहळू पुन्हा सुरू होते. सहा वातानुकूलित खोल्यांचा हप्ता मात्र या महिन्यांतही भरावा लागतो. पावसात येणारा पाहुणा अगदी थोडा असतो, पण त्याला पाण्यात उतरायचेच नसते. तो पडवीत बसून समुद्राचा आवाज ऐकतो, दुपारी धामापूरच्या तळ्यावर जातो, 1530 मध्ये बांधलेले ते तळे काठोकाठ भरलेले पाहतो, आणि संध्याकाळी उकड्या तांदळाच्या गरम पेजेबरोबर सुका बांगडा भाजून मागतो. त्याला पडवी लागते. पेव्हर ब्लॉकवर खुर्ची टाकून पाऊस पाहता येत नाही.

शेवटी सुरक्षितता. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, त्यानंतर कितीतरी पाहुण्यांनी आधी ठरवलेले मुक्काम रद्द केले होते. पाहुण्याला ज्या बोटीत बसवाल तिच्यात प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का आणि माणसे किती भरली आहेत, हे स्वतः धक्क्यावर उभे राहून पाहावे लागेल. संगमाजवळ ओहोटीचा ओढ जबरदस्त असतो, तिथे पोहण्यास स्पष्ट मनाई करावी, मग पाहुणा रागावला तरी चालेल.

खळ्यातला माणूस:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवानगीचा मुद्दा काल भावाला सांगितला. तो बराच वेळ गप्प होता आणि नंतर म्हणाला की चौकशी केल्याशिवाय मी मानणार नाही. तो जानेवारीत माझ्याबरोबर आठ दिवस देवबागला येण्यास तयार झाला आहे, हेच मला पुष्कळ वाटते. शेवटचा तो आईच्या वर्षश्राद्धाला आला होता.

तूर्त असे ठरवले आहे: माजघराच्या दोन्ही बाजूंच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी, परसातली बंद पडलेली जागा न वापरता प्रत्येक खोलीत आतच न्हाणीघर (दादरच्या पाहुणीच्या सासूबाईंना स्मरून), आणि स्वयंपाकासाठी वाड्यातल्या वहिनींना विचारायचे. त्या सौंदाळ्याचे कालवण करतात तसे मी कुठे खाल्लेले नाही, पण त्यांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांची अट अशी की पाहुण्यांनी सकाळी सातला काय जेवणार ते सांगावे, रात्री नऊनंतर कोणी काही मागू नये.

खाडीच्या बाजूची पडवी उघडी ठेवणार आहे. तिथून पहाटे पाती, म्हणजे मासेमारीच्या लहान होड्या, निघताना दिसतात. इतकी वर्षे ते दृश्य आमच्या घराच्या मागच्या बाजूला आहे, असे मी समजत होतो.

एक प्रश्न मात्र भावाने विचारलेला तसाच राहिला आहे. खळे तसेच ठेवायचे तर गाड्या कुठे लावायच्या? देवबागचा रस्ता किती रुंद आहे ते आपणास माहीतच आहे. पातवाला, आपण काय केले आहे?

पातवाला:

शेजाऱ्याच्या मोकळ्या माडाच्या बागेत लावतो. त्याला मोसमाचे भाडे देतो आणि गाड्या झाडांपासून लांब लावायला सांगतो. पहिल्या वर्षी एका पाहुण्याच्या काचेवर नारळ पडला होता.