अंदमानला सॅक घेऊन जाताय? मग हॅवलॉक गाळाच. पटतंय का?

खारेवारे:
अंदमानचं प्लॅनिंग विचारणारा प्रत्येक जण तेच करतो, पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत. (सरकारी कागदावर श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, मी सवयीने जुनी नावं लिहितोय.) फॅमिलीसोबत, टूरवाल्यांबरोबर जाणाऱ्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पण सॅक पाठीला लावून, वेळ हाताशी ठेवून जाणाऱ्यांनी तरी हॅवलॉक गाळावं. जेट्टीवर उतरलं की नावाच्या पाट्या धरलेले ड्रायव्हर, एलिफंट बीचला जेट स्की आणि बनाना बोटीच्या पावत्या, दुपारी तीननंतर राधानगरला गाड्यांच्या रांगा आणि हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्य बुडाला की अख्खा बीच एकदम जेवायला उठतो. हे करायला इतका समुद्र कशाला ओलांडायचा?

त्यापेक्षा लाँग आयलंड घ्या. गावात गाड्यांचा आवाज जवळपास नाहीच, पायवाटा आहेत, लालाजी बे या किनाऱ्यावर जंगलातून चालत जायचं नाहीतर डुंगी (छोटी होडी) ठरवायची. किंवा लिटल अंदमान. पोर्ट ब्लेअरहून तिथल्या हटबे बंदराची रात्रीची बोट धरायची, तिथे जेट्टीपासून किती किलोमीटर यावरून पत्ता सांगतात, बटलर बे म्हणजे चौदा किलोमीटर. पहाटे पाचला उजाडतं तेव्हा लाटांवर दोन-चार सर्फर आणि किनाऱ्यावर गावातली कुत्री, बस.

डोंबिवलीकर_डायव्हर:
साफ असहमत. हॅवलॉक गाजलं ते काय नुसत्या पाट्यांमुळे? तिथे चांगली डाइव्ह सेंटर्स आहेत, शिकवणारे आहेत, एकटा गेलास तरी बोटीवर तुझ्यासारखे चार जण भेटतात. पोहता न येणारा माणूस नेमो रीफला इन्स्ट्रक्टरचा हात धरून खाली जातो आणि वर आल्यावर त्याचा चेहरा बघ एकदा. ही सोय लाँग आयलंडवर कुठून आणणार? आणि गर्दीचं म्हणशील तर ती राधानगरला दुपारी असते, सकाळी सहाला कोण असतं तिथे? पाच नंबर बीचला राहा, ओहोटीला चालत सुट, तासभर माणूस दिसणार नाही. बेट गाळायची काय गरज आहे, लवकर उठ की.

खारेवारे:
सकाळी सहाला पुण्यातही ट्रॅफिक नसतं दादा.

मीनल_एकटी:
मी बाई म्हणून एकटी फिरते, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं. शांत बेट शांत बेट म्हणून सगळे नाचतात, पण शांत म्हणजे राहायला मोजकी ठिकाणं, ती भरली तर दुसरा पर्याय नाही, संध्याकाळी साडेपाचला काळोख, आणि एखाद्याची नजर बरी नाही वाटली तरी निघायला दुसऱ्या दिवसापर्यंत बोटच नाही. हॅवलॉकला हॉस्टेल आहे, डॉर्म आहे, रात्री जेवायला बाहेर पडलं तर रस्त्यावर माणसं आहेत. मला नील मात्र मधलं वाटलं. भाड्याची सायकल घेऊन भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर सगळं एका दिवसात होतं, भाजीचे मळे, सुपारीच्या बागा, आणि तो खडकाचा नैसर्गिक पूल, ज्याला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. तो मात्र ओहोटीची वेळ विचारूनच बघायला जा.

जेट्टीवरची_वहिनी:
मिस्टरांच्या पोस्टिंगमुळे आम्ही पोर्ट ब्लेअरला राहिलोय, म्हणून एक गोष्ट सांगते जी फिरायला आलेल्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही सगळे जी सरकारी बोट स्वस्त म्हणून कौतुकाने सांगता ना, ती त्या बेटावरच्या लोकांची एसटी आहे. दवाखान्याला निघालेली म्हातारी, कॉलेजची पोरं, भाजी आणि कोंबड्यांच्या पाट्या घेतलेला व्यापारी, सगळे त्यातच. आयलंडर आणि बाहेरचे असे तिकिटाचे दर वेगळे आहेत, पण खुर्ची तर एकच ना? हॅवलॉक-नीलला प्रायव्हेट कॅटामरान आहेत, हजाराच्या वर पैसे मोजून एसीत बसलेला पॅकेजवाला निदान कोणाची जागा तरी अडवत नाही. हटबे, लाँग आयलंडला मात्र अशी सोय नाही, तिथे तुमची सॅक जिथे बसते तिथून कोणीतरी उठलेलं असतं. सिझनमध्ये तिकिटाच्या खिडकीवर उभं राहून बघा एकदा, मग शांततेवर लिहा.

खारेवारे:
वहिनी, बोटीचा मुद्दा बरोबर आहे, उत्तर नाही माझ्याकडे. पण पैशांचंही बघा. पॅकेजवाल्याचे पैसे रिसॉर्टला, आणि तो मालक बऱ्याचदा दिल्ली-चेन्नईचा. मी लाँग आयलंडला राहतो तेव्हा ज्या घरात राहतो त्याच घरात मासे-भात खातो, डुंगी त्यांच्याच शेजाऱ्याची. आणि माणसं वाढल्याशिवाय बोटी वाढणार आहेत का? कोणी जाऊच नका म्हटलं तर त्यांना कायम तीच आठवड्यातून ठरावीक दिवसांची बोट.

जेट्टीवरची_वहिनी:
माणसं आधी वाढतात हो, बोटी मागून येतात, आणि पाणी तर येतच नाही. खुद्द पोर्ट ब्लेअर धनिखारी धरणावर जगतं, उन्हाळ्यात नळाला दिवसाआड, कधी त्याहून उशिरा पाणी, मी स्वतः ड्रम भरून ठेवलेत. छोट्या बेटाचं काय होईल विचार करा. अजून एक, तुमच्या त्या लाँग आयलंडला रस्त्याने रंगतमार्गे जाणारे बहुतेक जण जिरकाटांगला गाड्यांच्या ताफ्यात, म्हणजे कॉनव्हॉयमध्ये, लागून जारवा आदिवासींच्या जंगलातून जातात. तो रस्ता बंद करायला सुप्रीम कोर्टाने २००२ लाच सांगितलं होतं, अजून चालू आहे. गर्दी टाळायला म्हणून निघायचं आणि ज्यांना खरंच एकटं सोडायला हवं त्यांच्या दारातून जायचं, हे मला तरी पटत नाही.

खारेवारे:
त्यासाठीच बोटीने जा म्हणतोय मी, पोर्ट ब्लेअरहून आणि हॅवलॉकहूनही बोट असते, रोज नाही, वार बघावे लागतात. आणि हटबेला ओंगे आदिवासींचा राखीव भाग आहे तिकडे फिरकायचंही नाही, कायदा १९५६ पासूनचा आहे, हे लिहायचं राहिलं होतं.

नाना_ठाणे:
तुम्ही तरुण मंडळी भांडा, आमच्यासारखे अर्धे मराठी लोक अंदमानला जातात ते सेल्युलर जेलसाठी. सावरकर १९११ ते १९२१ जिथे होते ती कोठडी बघितली की आमची ट्रिप वसूल, बीच त्यानंतर बोनस. पण शांत बेटावर जाणाऱ्यांना एकच सांगतो, डिसेंबर २०१६ आठवा. वादळी हवामानाने बोटी बंद, हॅवलॉक आणि नीलवर हजाराच्या वर पर्यटक अडकले, शेवटी नेव्हीची जहाजं आली. ते हॅवलॉक होतं म्हणून देशभर बातमी झाली. हटबेला चार डोकी अडकली तर नंबर कधी लागणार?

शंकासुर:
नेटवर्क असतं का हो तिकडे? ऑफिसला लॅपटॉप उघडावा लागणार आहे अधूनमधून.

डोंबिवलीकर_डायव्हर:
चेन्नईहून समुद्राखालून केबल आली २०२० ला, हॅवलॉक, लिटल अंदमान, लाँग आयलंड, रंगत सगळे त्यावर आहेत. पूर्वीपेक्षा बरंच बरं, पण मिटिंग असेल त्या दिवशी पोर्ट ब्लेअरलाच थांब. आणि रोख पैसे तिथूनच काढून ने. बाकी लॅपटॉप घेऊन शांत बेटावर जाणाऱ्याला खारेवारे बोटीतून ढकलतील.

मीनल_एकटी:
वहिनी, मग तुमच्या मते करायचं काय? जायचंच नाही का?

जेट्टीवरची_वहिनी:
जा की, मी कुठे नाही म्हटलं. पोंगल, दुर्गापूजा, शाळेच्या सुट्ट्या सोडून जा, तेव्हा आयलंडर घरी निघालेले असतात. हॅवलॉक-नीलला प्रायव्हेट बोट परवडत असेल तर तीच घ्या, सरकारी बोट जिथे दुसरी नाहीच तिथे ठेवा. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे सोडा, बोट रद्द झाली तर खिडकीवर जाऊन माझी फ्लाइट माझी फ्लाइट करत रांग मोडू नका, त्या रांगेत डायलिसिसवालाही असतो. कचरा सॅकमधून परत आणा. आणि शंख-प्रवाळ उचलू नका, एअरपोर्टवर बॅगेतून काढून घेतात.

खारेवारे:
एवढं सगळं पाळणारा माणूस हॅवलॉकला जाणारच नाही, माझंच म्हणणं झालं ते. लालाजी बेला जाणाऱ्यांनी खोबरेल तेल घ्या, वाळूतल्या माश्या पिंडऱ्या फोडून काढतात.

नाना_ठाणे:
हे आधी सांगायचं होतं. मी चाललो राधानगरला.