घरी शेक द्यायचा तर नेमका कशाने? (आईचा जखडलेला खांदा)

अबोली_०७
नमस्कार मंडळी. आईचा उजवा खांदा जखडलाय. केस विंचरायला हात वर जात नाही, पाठीमागे नेणं तर बंदच झालंय. फिजिओथेरपी सुरू आहे. तिथे आधी गरम पॅक ठेवतात, मग व्यायाम करून घेतात आणि त्या दिवशी हात खरंच मोकळा वाटतो. रोज जाणं जमत नाही, म्हणून मधल्या दिवसांत घरी शेक द्यायचा विचार आहे. रबराची पिशवी, इलेक्ट्रिक पॅड, जेल पॅक, इन्फ्रारेड दिवा यांतलं काय घ्यावं? ओला शेक चांगला की कोरडा? आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. डाव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालंय, उजवाही दुखतो आणि तिला तिथेही शेक हवा असतो. कोणी फिजिओ असाल तर नक्की लिहा.

पाऊलखुणा
खांद्यासाठी रबराची पिशवी नको. खांद्याच्या गोलाईवर ती बसतच नाही. घसरू नये म्हणून माणूस दुसऱ्या हाताने धरून बसतो आणि मान आखडते ती वेगळीच. मानेपासून दंडापर्यंत पसरेल असा पट्ट्याचा जेल पॅक घ्या. पिशवीच वापरायची असेल तर उकळतं पाणी ओतू नका, दोन तृतीयांश भरा, हवा काढून टाका आणि टॉवेलमध्ये गुंडाळा. रबर कडक झालं असेल किंवा चिरा दिसत असतील तर ती पिशवी टाकून द्या.

रातकिडा
माझं मत इलेक्ट्रिक पॅडला. मी रात्री कंबरेखाली लावून झोपतो, सकाळी कंबर धरत नाही. एकदा लावला की बघावं लागत नाही, हे सगळ्यात सोयीचं.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण यात मधुमेह आहे.

आधी रातकिडा यांना: पॅड लावून झोपणं कृपया आजपासून बंद करा. भाजायला खूप गरम वस्तूच लागते असं नाही. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी तापमान आणि वेळ यांचा मेळ घालून दाखवलं होतं की ४४ अंश सेल्सिअसची उष्णतासुद्धा साधारण सहा तास लागून राहिली तर त्वचेला इजा होते. सहा तास म्हणजे एक झोप. त्यात पॅड अंगाखाली असला की वजनाने तिथला रक्तपुरवठा दबतो, उष्णता वाहून जात नाही आणि साचत राहते. म्हणून पॅक नेहमी अंगावर ठेवायचा, त्यावर झोपायचं नाही. रोज तासन् तास शेकणाऱ्यांच्या कंबरेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेले मी पाहिले आहेत. तसे दिसायला लागले तर शेक थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता अबोली. वस्तू घ्यायच्या आधी एक तपासणी करा. दोन सारख्या छोट्या बाटल्या घ्या, एकीत गार पाणी, दुसरीत सोसवेल इतकं कोमट. आईंना डोळे मिटायला सांगा आणि जिथे शेक द्यायचा आहे तिथे आलटून पालटून, क्रम न ठेवता टेकवा. प्रत्येक वेळी त्यांनी गार की गरम हे बरोबर सांगायला हवं. चुकत असेल किंवा "काहीतरी लागलं" एवढंच म्हणत असतील, तर तिथे शेक द्यायचा नाही. मधुमेहात नसा बधिर झाल्या की चटका बसलेला कळत नाही आणि जखम भरायलाही वेळ लागतो. माझ्याकडे कोणीही आलं तरी पॅक ठेवण्याआधी मी हेच करते.

ओला की कोरडा, यावर फार डोकं शिणवू नका. ओल्या शेकाची ऊब लवकर पोहोचते, म्हणून तो जास्त 'लागतो', पण चटकाही लवकर देतो. क्लिनिकमधले पॅक म्हणजे कॅनव्हासच्या कप्प्यांत भरलेली, पाणी धरून ठेवणारी माती असते. ते सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पाण्यात ठेवलेले असतात, म्हणून टॉवेलचे सहा-आठ थर घालावे लागतात. घरी ती उठाठेव नको. जेल पॅक किंवा आपोआप बंद होणारा पॅड, मध्ये टॉवेल, १५ ते २० मिनिटं. पाच मिनिटांनी उचलून त्वचा बघा. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा हात लावूनही बघा आणि आईंना विचारा. 'छान ऊब' हवी, 'सोसवतंय' नको. शेकाखाली दुखण्यावरचं कुठलंही मलम नको.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरून दिलेला शेक साधारण सेंटिमीटरभर आत जातो. खांद्याच्या सांध्याचं आवरण त्याहून खोल असतं. त्यामुळे पॅक ठेवून आखडलेलं आवरण सुटत नाही. होतं काय, तर ठणका कमी होतो आणि दुखेल या धास्तीने घट्ट झालेले स्नायू सैल पडतात. त्या वेळात हात पुढे सरकवायचा असतो. शेक काढला की काही मिनिटांत सगळं परत निवायला लागतं. शेक घेऊन पाऊण तास गप्पा आणि मग व्यायाम, असं केलं तर शेक फुकट गेला. क्लिनिकमधून आल्यावर हात मोकळा वाटतो तो पॅकमुळे कमी आणि पॅकनंतर लगेच करून घेतलेल्या व्यायामामुळे जास्त.

नवी_पालवी
मुरगळल्यावर शेक द्यावा का? पाय मुरगळलाय, सूज आहे.

सांधेजोड
नाही. ताज्या मुकामाराला, सुजेला पहिले दोन-तीन दिवस शेक नको, सूज वाढते. पाय टेकवत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. सांधा लाल आणि गरम असेल, अंगात ताप असेल, पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल, तरीही शेक न देता आधी डॉक्टर.

अबोली_०७
तुम्ही सांगितलं तसं बाटल्यांनी तपासलं. खांद्यावर आणि उजव्या गुडघ्यावर आईने न चुकता सांगितलं. सहज तळपायालाही लावून पाहिल्या, तर तिथे दोन्ही वेळा "गारच आहे" म्हणाली. पायांचं आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. अजून एक विचारायचंय. ओळखीच्या एकांनी सुचवलंय की गुडघ्यासाठी खोलवर शेक देणारं शॉर्टवेव्हचं यंत्र चांगलं, दोन्ही गुडघ्यांना एकदमच घ्या. घ्यावं का?

सांधेजोड
पायांचं कळलं ते फार बरं झालं. डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसणं पूर्ण बंद.

शॉर्टवेव्ह नको. त्यात २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरींनी आतल्या उती तापवतात आणि रोपण केलेल्या धातूभोवती ती उष्णता एकवटू शकते. डाव्या गुडघ्याला तर नाहीच, आणि यंत्राचं क्षेत्र पसरत असल्याने शेजारच्या उजव्यालाही नको. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी तर त्या यंत्राच्या जवळपासही थांबू नये. कुठेही गेलात तरी सांधेरोपणाचं आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

उजव्या गुडघ्याला साधा पॅक ठेवा आणि लगेच खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाची ठाम शिफारस आहे, शेकाची सशर्त. माझा रोजचा अनुभवही हाच.

पाऊलखुणा
बोटांच्या सांध्यांसाठी मेणाचा शेक कसा? माझी बोटं सकाळी वळत नाहीत.

सांधेजोड
बोटांसाठी उत्तम, कारण मेण प्रत्येक सांध्याभोवती सारखं बसतं. पण मेणबत्तीचं मेण वितळवून करू नका, ते फार तापतं. यासाठीचं पॅराफिन ५२ ते ५४ अंशांवर ठेवणाऱ्या भांड्यातच हवं. अंगठी काढा, हात धुऊन कोरडा करा. हात बुडवून बाहेर काढायचा, थर गोठू द्यायचा, असं सात-आठ वेळा. मग प्लास्टिक आणि टॉवेलमध्ये १५ मिनिटं. मेण सोलून काढलं की लगेच मूठ उघडझाप. बोटं सुजून लाल झाली असतील किंवा जखम असेल तर त्या दिवशी नको.

अबोली_०७
जेल पॅकच घेते. शेवटचं एक, खांद्याला शेक चालू असताना आईने हात हलवला तर चालेल?

सांधेजोड
चालेल, उलट चांगलं. आईंना उताणं झोपवून पॅक खांद्यावर वरून आणि पुढून ठेवा, काठी दोन्ही हातांत द्या. चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला हळूहळू वर न्यायचं, ताण जाणवला की थोडं थांबायचं. पॅक काढल्यावर भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगा. व्यायामानंतर थोडं दुखलं तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं असेल तर ताण कमी करा आणि तुमच्या फिजिओंना तसं कळवा.