टाचण्या: लोहचुंबकाची वाटी, स्पंजची उशी आणि कोकणातली हवा

शिवणकामाच्या टाचण्या ठेवायला लोहचुंबकाची वाटी चालेल का आणि पावसाळ्यात, टाचण्या टोचून ठेवायच्या स्पंजच्या उशीत त्या का गंजतात, असे दोन प्रश्न आहेत. पायमशीनला चुंबकाने काही होत नाही. कॉम्प्युटराइज्ड मशीन असेल तर वाटी मशीनवर न ठेवता हातभर लांब ठेवा. पितळी टाचण्या मात्र चुंबकाला चिकटत नाहीत, सांडल्या तर हातानेच वेचाव्या लागतात.

गंजाचं कारण स्पंज. मालवण-रत्नागिरीकडची खारी, दमट हवा तो धरून ठेवतो आणि टोकाशी तांबूस ठिपका येतो. तो पांढऱ्या सुती कापडावर उतरला की धुऊनही जात नाही. अशी टाचणी वापरूच नका. उशीत कडक उन्हात वाळवलेला लाकडाचा भुसा किंवा लोकर दाबून भरा. तांदूळ नको, पोरकिडे होतात. जून ते सप्टेंबर काम संपलं की टाचण्या उशीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

शिवताना उशी उजव्या हाताशी हवी. टाचणी शिवणीला आडवी, डोकं उजवीकडे कापडाच्या कडेबाहेर. मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा भाग) बोटभर अंतरावर आला की टाचणी काढून थेट उशीत. टाचणीवरून शिवण घातली आणि सुई टाचणीवर आपटली तर सुई मोडून तुकडा डोळ्याकडे उडतो. दातात तर कधीच धरू नका, एका ठसक्यात घशात जाते. २० मोजून घ्या, उठताना २० मोजा. मोडक्या टाचण्यांना औषधाची रिकामी बाटली बरी.