सगळीकडे एकच आज्ञा? तसं नाही

‘अशोकाने एकच मजकूर साम्राज्यभर कोरून घेतला’ हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. शाहबाजगढी आणि मानसेहराला (दोन्ही आजच्या पाकिस्तानात) लिपी खरोष्ठी, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी, कंदहारला भाषा ग्रीक आणि अरामाईक, बाकी बहुतेक ठिकाणी ब्राह्मी लिपीतली प्राकृत. कंदहारच्या ग्रीक मजकुरात तर ‘धम्म’ हा शब्दच नाही, त्याजागी ‘युसेबिया’ (धर्मनिष्ठा) येतो.

मजकूरही बदलतो. चौदा मोठ्या शिलालेखांपैकी कलिंगयुद्धाच्या पश्चात्तापाचा तेरावा लेख खुद्द कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगडला, कोरलेलाच नाही! तिथे दोन वेगळे लेख आहेत. त्यातला पहिला नीट वाचावा असा आहे. न्यायदान बघणाऱ्या नगराधिकाऱ्यांना तो बजावतो की कारण नसताना कुणाला कैद किंवा छळ होऊ नये. काम का बिघडतं तेही सांगतो: मत्सर, शीघ्रकोप, कठोरपणा, घाई, सवय नसणं, आळस, थकवा. (यात थकवा मोजणारा राजा विरळाच.) तपासणीला दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा महामात्र (वरिष्ठ अधिकारी) पाठवायचा. उज्जयिनीचा कुमार (तिथला कारभार बघणारा राजपुत्र) मात्र दोन तपासण्यांमध्ये तीन वर्षांहून जास्त काळ जाऊ देणार नाही, तक्षशिलेहूनही तसंच. लेख तिष्य (पुष्य) नक्षत्राला वाचून दाखवायचा, कारण ऐकणारे बहुतेक निरक्षर.

चौथ्या स्तंभलेखानुसार, राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी राजुकांना (प्रांतांतल्या मोठ्या अधिकाऱ्यांना) न्याय आणि शिक्षेत मोकळीक मिळाली, पण मृत्युदंड झालेल्याला तीन दिवसांची मुदत सक्तीची, म्हणजे नातेवाइकांना दाद मागता येईल.